अपिलाच्या वाटेवरची हमी

न्यूयॉर्कमधील एका न्यायाधीशांनी १६ फेब्रुवारी २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या कंपन्यांविरुद्ध दिवाणी निकाल दिला. बँका आणि विमा कंपन्यांपुढे मालमत्तेच्या किमती फुगवून मांडल्या, त्यातून गैरलाभ मिळवला आणि तो आता सरकारजमा करावा, असा त्या निकालाचा आशय होता. ट्रम्प यांच्या वाट्याला सुमारे ३५ कोटी ५० लाख डॉलर आले आणि व्याज धरून ती रक्कम ४५ कोटी ४० लाखांवर गेली. या खटल्याविषयी आम्ही लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत दंडाच्या आकड्यापेक्षा अपिलाच्या काळात वसुली थांबवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या हमीविषयीच अधिक विचारणा झाली. त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ज्याच्या नावावर उत्तुंग इमारती आहेत, त्याला हमीची रक्कम उभी करता येत नाही यावर विश्वास कसा ठेवायचा? न्यायालयाने ती निम्म्याहूनही कमी केली, ही श्रीमंताला दिलेली सवलतच नव्हे काय?

उत्तर : अमेरिकेत रकमेचा दिवाणी निकाल विरुद्ध गेला, तर बहुतेक ठिकाणी अपिलाचा हक्क शाबूत असतो, मात्र अपील दाखल झाले एवढ्यानेच वसुली थांबत नाही. जिंकलेला पक्ष हरलेल्याचे बँक खाते गोठवू शकतो, त्याच्या घरावर बोजा चढवू शकतो, पगारातून कपात करून घेऊ शकतो. केंद्रीय (राज्यांच्या न्यायालयांहून वेगळ्या) न्यायालयांत निकालानंतरचे ३० दिवस तेवढी आपोआप स्थगिती असते. त्यापुढे वसुली थांबवायची तर ‘अपील फेटाळले गेले तर ही रक्कम निश्चित मिळेल’ अशी हमी न्यायालयात द्यावी लागते. तिलाच अपील-बॉण्ड म्हणतात.

अशी हमी बहुधा जामीनदार कंपनी देते आणि त्यासाठी दरसाल साधारण एक-दोन टक्के शुल्क घेते. शुल्काची रक्कम पाहून हा विम्याचाच एखादा प्रकार असावा असे वाटते. परंतु ही कंपनी विमा कंपनीसारखी जोखीम हजारो लोकांत वाटून घेत नाही. उद्या निकाल कायम झाला तर थोड्या दिवसांत सगळी रक्कम तिला मोजून द्यावी लागणार असते. म्हणून ती जवळपास पूर्ण रकमेइतके, कधी त्याहूनही अधिक तारण मागते आणि तेही रोख, ठेवी किंवा तत्काळ विकता येतील अशा रोख्यांच्या रूपात. इमारत तारण म्हणून तिला नको असते, कारण इमारत विकायला महिने लागतात. आपण तीस जामीनदार कंपन्यांकडे विचारणा केली आणि मालमत्ता तारण घ्यायला एकही तयार झाली नाही, असे ट्रम्प यांच्या वकिलांनी मार्च २०२४मध्ये न्यायालयाला सांगितले, त्याचे कारण हेच आहे. माणूस संपत्तीने मोठा असूनही हातात रोकड नसल्यामुळे अडू शकतो, हे त्या प्रसंगी सगळ्यांना दिसले.

२५ मार्चला अपील न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हमी १७ कोटी ५० लाखांवर आणली आणि ती दहा दिवसांत भरायला सांगितले. माझ्या मते रक्कम कमी करणे हा अन्याय नव्हता. काही आठवड्यांत मिळेल त्या भावाने इमारती विकायला लावणे आणि पुढे निकाल फिरला तर ‘क्षमस्व’ म्हणणे, हे कोणाच्याही बाबतीत गैर ठरेल. इथे निकाल फिरलाही. व्याजासह ५० कोटी डॉलरांच्या वर गेलेली ती रक्कम २१ ऑगस्ट २०२५ रोजी अपिलात रद्द झाली. गैरव्यवहाराचा ठपका न्यायालयाने पुसला नाही, पण दंड राज्यघटनेला मान्य होणार नाही इतका अवाजवी ठरवला. माझी तक्रार निराळी आहे. हमी कमी करण्याच्या त्या आदेशात कारणे दिलेली नव्हती. ती दिली असती तर लहानातल्या लहान ऋणकोच्या, म्हणजे निकालाप्रमाणे पैसे देणे लागणाऱ्याच्या, वकिलालाही तो आदेश न्यायाधीशांपुढे ठेवून ‘हाच निकष माझ्या अशिलाला लावा’ असे म्हणता आले असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. ज्या भाडेकरूजवळ अपिलाच्या कागदपत्रांपुरतेही पैसे नाहीत, त्याच्यासाठी असे पाच न्यायमूर्ती कधी बसतात का?

उत्तर : बाई, आपला प्रश्न या साऱ्या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात काही भाडेकरू महिना १०० डॉलर भाड्याच्या घरात राहत होते. १० नोव्हेंबर १९६९ रोजी शहराच्या बांधकाम खात्याने ते घर राहण्यास अयोग्य ठरवले. पन्हळी गंजलेल्या, खिडक्या फुटलेल्या, भिंतींचा गिलावा निखळलेला, मागच्या दाराच्या पायऱ्या नाहीशा झालेल्या आणि सांडपाण्याची सोय धड नाही, अशी त्याची स्थिती होती. भाडेकरूंनी नोव्हेंबरचे भाडे भरले होते. दुरुस्ती होईपर्यंत डिसेंबरचे भाडे देणार नाही, असे त्यांनी कळवले आणि मालकाने त्यांना घराबाहेर काढण्याची भाषा सुरू केली. ऑरेगनच्या तेव्हाच्या कायद्यानुसार घर रिकामे करण्याच्या निकालाविरुद्ध अपील करायचे, तर खटल्याच्या काळात होणाऱ्या भाड्याच्या दुप्पट रकमेची हमी द्यावी लागे आणि अपील हरल्यास ती दुप्पट रक्कम घरमालकाला मिळे. येथे हमी नसेल तर अपीलच नव्हते. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या व्यवस्थेत हमी नसली तरी अपील निदान चालू राहते, हा फरक ध्यानात घ्यावा.

‘लिंडसे विरुद्ध नॉर्मेट’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२मध्ये न्यायालयाने दुप्पट हमीची ती अट घटनाबाह्य ठरवली. त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. अपिलाची सोय केलीच पाहिजे असे राज्यावर बंधन नाही, परंतु एकदा ती केल्यावर काहींना मनमानी पद्धतीने वगळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अपिलात दम आहे की नाही याच्याशी त्या अटीचा काही संबंधच नव्हता. ज्याला हमी परवडते त्याचे पोकळ अपीलही चालणार आणि ज्याला परवडत नाही त्याचे खरे अपीलही दाराशीच थांबणार, अशी तिची रचना होती. महिन्याचे भाडे नियमित भरू शकणारा गरीब भाडेकरू केवळ दुप्पट रकमेमुळे बाहेर पडतो, याकडे न्यायालयाने मुद्दाम लक्ष वेधले. त्याच निकालात भाडेकरूंच्या पदरी निराशाही आली. खटला काही दिवसांतच उरकण्याची तरतूद, आणि घराची दुरवस्था हा त्या खटल्यात बचावाचा मुद्दा होऊ न देण्याची तरतूद, या दोन्ही न्यायालयाने वैध मानल्या.

हमी हे एकच दार नाही, त्याच्या अलीकडे आणखी दारे आहेत. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीतील एका आईचे प्रकरण निकाली काढले. खालच्या न्यायालयाने तिचे दोन मुलांवरील मातृत्वाचे हक्क कायमचे संपुष्टात आणले होते. अपिलासाठी तिला २,३५२.३६ डॉलर भरायला सांगण्यात आले. सुनावणीच्या नोंदीची ९५० पाने, दर पानाला २ डॉलर, म्हणजे १,९०० डॉलर. इतर कागदांची २१९ पाने त्याच दराने, म्हणजे ४३८ डॉलर. टपालाचे १० डॉलर. आणि कागद बांधायच्या फायलींचे ४ डॉलर ३६ सेंट. हा हिशेब मी मुद्दाम पूर्ण दिला आहे. आपली मुले कायद्याने आपली राहतात की नाही, हे वरच्या न्यायालयाने तपासावे की नाही, हे त्या फायलींच्या किमतीसकट ठरत होते. पैसे नाहीत म्हणून तिचे अपील अडवता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

पण हा दिलासा सगळ्यांना मिळालेला नाही. १९७३मध्ये ऑरेगनमधीलच, सरकारी मदतीवर जगणाऱ्या लोकांनी आपली मदत कमी केल्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागायचे ठरवले. त्यासाठी २५ डॉलर शुल्क होते. ते त्यांना झेपत नव्हते आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते शुल्क वैध ठरवले. मुलांवरचा आईचा हक्क हा मूलभूत, मदतीची रक्कम मात्र तशी नाही, असा भेद न्यायालयाने पुढे १९९६च्या त्या निकालात केला. ज्याचे महिन्याचे पोट त्या मदतीवर चालते त्याला हा भेद कसा पटवून द्यायचा, हे मला आजवर कळलेले नाही.

प्रश्न : आपण ऋणकोचीच बाजू घेता. कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षे लढून एखाद्या जखमी कामगाराने नुकसानभरपाई मिळवली आणि हमीच नसेल, तर अपील संपेपर्यंत कंपनीच्या तिजोरीत काही उरेल का?

उत्तर : आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते आधी यायला हवे होते. जिंकणारा नेहमी धनिक असतो आणि हरणारा गरीब, असे गृहीत धरून या विषयाकडे पाहिले तर चूक होते. कामगार, रुग्ण, फसवला गेलेला ग्राहक यांच्यासाठी हमी म्हणजे त्यांचा निकाल आणि त्यांच्या हाती येणारे पैसे यांच्यामधला पूल असतो. अपील चालू असताना मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय ज्याच्याजवळ वकिलांची फौज आहे त्यालाच अधिक असते. हमी ही मुळात दुर्बळ विजेत्याच्या संरक्षणासाठीच आहे.

तरीही मोठ्या हमीचा धाक काय करू शकतो, हे टेक्साको या तेल कंपनीच्या प्रकरणात दिसले. गेटी ऑइल कंपनी विकत घेण्याचा आपला ठरलेला व्यवहार टेक्साकोने मोडला, असा पेन्झॉइल कंपनीचा दावा होता. नोव्हेंबर १९८५मध्ये ह्यूस्टनच्या ज्यूरीने पेन्झॉइलच्या बाजूने १० अब्ज ५३ कोटी डॉलरांचा कौल दिला. त्यांतले ३ अब्ज दंडात्मक, म्हणजे प्रत्यक्ष नुकसानाखेरीज धडा शिकवण्यासाठीच्या भरपाईचे होते. टेक्ससच्या तेव्हाच्या नियमानुसार वसुली थांबवण्यासाठी संपूर्ण रकमेची हमी हवी होती आणि एवढी हमी द्यायला जगात कोणी तयार नव्हते. टेक्साकोने केंद्रीय न्यायालयातून दिलासा मिळवला, पण ६ एप्रिल १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला आणि अवघ्या सहा दिवसांनी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच सगळी वसुली आपोआप थांबते, म्हणजे हमीने जे साधले असते तेच कंपनीने दुसऱ्या वाटेने साधले. अखेर ३ अब्ज डॉलरांवर तडजोड झाली. टेक्साकोने व्यवहार मोडला असे ज्यूरीने ठरवले, ते योग्य असेल. पण तडजोडीचा आकडा ठरताना न्यायाइतकेच वजन हमी न मिळण्यालाही होते, असे मला वाटते.

याच्या शेजारी आणखी एक प्रकरण ठेवतो. दिवाळखोरीचा अर्ज करायला तेव्हा ५० डॉलर शुल्क होते. एका बेकार माणसाजवळ तेही नव्हते. हप्त्यांनी भरण्याची मुभा असली तरी हप्ताही त्याला झेपणारा नव्हता. १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी त्याला शुल्कमाफी नाकारली. टेक्साको ज्या दाराने सुटली, ते दार त्याला ५० डॉलरांसाठी बंद राहिले. अगदी गरीब ऋणकोंना हे शुल्क माफ करण्याची तरतूद देशाच्या विधिमंडळाने २००५मध्ये केली.

टेक्साकोच्या प्रकरणानंतर आणि पुढे तंबाखू कंपन्यांवरील अवाढव्य निकालांनंतर अनेक राज्यांनी हमीला कमाल मर्यादा घातली. टेक्ससमध्ये २००३पासून हमी ऋणकोच्या निव्वळ संपत्तीच्या निम्म्याहून किंवा २ कोटी ५० लाख डॉलरांहून, यांपैकी जे कमी असेल त्याहून, जास्त मागता येत नाही. दंडात्मक भरपाई त्या हिशेबात धरतच नाहीत. या नियमाचा पहिला भाग मला उत्तम वाटतो. संपत्तीचा निम्मा वाटा ही अट दोन खोल्यांच्या घरमालकालाही तेवढाच श्वास घेऊ देते, जेवढा कारखानदाराला. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला शंका आहे. २ कोटी ५० लाखांची मर्यादा कोणाच्या कामाची, तर ज्याच्यावर त्याहून मोठा निकाल होतो त्याच्या. छोट्या माणसाच्या आयुष्यात तेवढा आकडा कधी येतच नाही. आणि आपण ज्या जखमी कामगाराविषयी लिहिले आहे, त्याचा प्रतिवादी जर बलाढ्य असेल तर मर्यादेवरच्या रकमेची जोखीम त्या कामगाराच्या डोक्यावर जाते.

प्रश्न : मुळात दंडच ऐपतीप्रमाणे का लावत नाहीत?

उत्तर : ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या १२१५च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेत दंड अपराधाच्या प्रमाणात असावा आणि तो बसवताना माणसाचे उपजीविकेचे साधन शाबूत राहावे, व्यापाऱ्याचा माल आणि शेतकऱ्याची शेतीची साधने सोडून द्यावीत, असे म्हटले आहे. त्याच परंपरेतून अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत अवाजवी दंडाला मनाई आली. ती राज्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणात इंडियाना राज्यात एका माणसाची ४२,००० डॉलरांची गाडी सरकारने दिवाणी कारवाईत ताब्यात घेतली होती. त्याच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड १०,००० डॉलरांचा होता. दंड ठरवताना माणसाची ऐपत पाहावी की नाही, हा प्रश्न त्या निकालात न्यायालयाने मोकळाच ठेवला. इंडियानाच्या न्यायालयांनी मात्र ऐपत विचारात घेतली आणि त्या माणसाला गाडी परत मिळाली.

ऐपतीचा विचार दोन्ही बाजूंना कापतो, हे येथे सांगितले पाहिजे. गरिबाचा दंड कमी करण्यासाठी ऐपत पाहायची, तर श्रीमंताचा वाढवण्यासाठीही ती पाहावी का? खासगी पक्षांमधील दंडात्मक भरपाईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये एका विमा कंपनीच्या खटल्यात म्हटले की प्रतिवादी श्रीमंत आहे एवढ्याने अवाजवी रक्कम समर्थनीय ठरत नाही. त्या खटल्यात प्रत्यक्ष नुकसान १० लाख डॉलर ठरले होते आणि दंडात्मक भरपाई १४ कोटी ५० लाख. इतके प्रमाण न्यायालयाला मान्य झाले नाही. मला हा विचार खासगी भरपाईपुरता पटतो, कारण तेथे पैसा दुसऱ्या खासगी पक्षाच्या खिशात जातो. सरकार वसूल करते त्या दंडाचे गणित वेगळे असावे. ज्याला दंड म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्च वाटतो, त्याच्या वागण्यात त्या दंडाने फरक पडत नाही. अमेरिकेच्या जलप्रदूषणविषयक कायद्यात हे दोन्ही एकत्र दिसते. दिवाणी दंड ठरवताना उल्लंघनातून झालेला आर्थिक फायदा पाहावा आणि दंडाचा उल्लंघन करणाऱ्यावर होणारा आर्थिक परिणामही पाहावा, असे तो न्यायाधीशांना सांगतो.

प्रश्न : सरकार हरले आणि अपिलात गेले, तर त्यालाही हमी द्यावी लागते का?

उत्तर : नाही. केंद्रीय न्यायालयांत केंद्र सरकारला हमीतून सूट आहे आणि न्यूयॉर्कमध्ये राज्य सरकारने अपील करताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. सरकार बुडणार नाही आणि पळून जाणार नाही, हे त्यामागचे कारण मला रास्त वाटते.

प्रश्न : मग आपण नेमके काय बदलाल?

उत्तर : हमीची अट मी काढून टाकणार नाही. प्रत्येक न्यायाधीशाने हमी ठरवताना ऋणकोची निव्वळ संपत्ती, त्यातली हाताशी असलेली रोकड, मालमत्ता दडवली जाण्याची शक्यता आणि विजेत्याची गरज या चार गोष्टींवर चार ओळी तरी लिहाव्यात, असे बंधन मी घालेन. घर, इमारत किंवा धंद्यावरचा नोंदवलेला बोजा हीही हमी मानावी आणि त्या मोबदल्यात मालमत्ता विकण्यावर बंदी घालावी. केंद्रीय नियमांत २०१८पासून ‘बॉण्ड किंवा अन्य तारण’ असे शब्द आहेत, त्यामुळे ही मागणी अनोखी नाही. जेथे राहते घर किंवा महिन्याचे पोट पणाला लागले आहे तेथे, भाडेकरू चालू भाडे न्यायालयात भरत असेल किंवा ऋणको झेपेल तो हप्ता भरत असेल, तर तेवढे पुरेसे मानावे.

आणि व्याज. त्याकडे फार थोड्या वाचकांचे लक्ष गेले आहे. न्यूयॉर्कमध्ये निकालाच्या रकमेवर दरसाल ९ टक्के व्याज चढते. ट्रम्प यांच्या प्रकरणात ते दिवसाला सुमारे १ लाख १२ हजार डॉलर होत होते, म्हणून त्याची चर्चा झाली. परंतु हाच दर कितीतरी वर्षे त्या माणसालाही लागू होता, ज्याच्यावर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा एकतर्फी निकाल झाला आणि ज्याच्या पगारातून दरमहा होणारी कपात व्याजातच विरून जात होती. त्याने अपील केले नाही, हमीचा प्रश्न त्याच्यापर्यंत आलाच नाही. एप्रिल २०२२च्या अखेरीस न्यूयॉर्कने व्यक्तींच्या अशा ग्राहक-कर्जांवरचा दर २ टक्क्यांवर आणला. अपील-बॉण्डच्या सुधारणेची यादी करायला बसलो, तर हमीच्या कोणत्याही मर्यादेच्या आधी मी हाच नियम इतर राज्यांपुढे ठेवेन.